मेहुण्यासाठी गळ

जालना,
९ इस्फंदार १३५५ फसली

चि. मुकुंदास भालचंद्राचे आशीर्वाद.

पत्र फाडू नकोस. माझं अक्षर दिसताच तुझे हात शिवशिवणार, हे मला ठाऊक आहे. पण आत तुझ्या बहिणीबद्दल एक ओळ नाही, काकासाहेबांबद्दल नाही, झाल्या गेल्या प्रकाराबद्दल तर मुळीच नाही. आत फक्त मासे धरायच्या एका काठीबद्दल लिहिलं आहे. तेवढं तरी तू वाचशील असा माझा कयास आहे.

झालं असं की परवा कचेरीच्या कामानं औरंगाबादला गेलो होतो. लढाई संपली, आता छावणीतले गोरे साहेब एकेक करून विलायतेला निघालेत. जाताना सामानाचा लिलाव लावतात. तंबू, खाटा, कंदील, थर्मास, बूट, काय वाटेल ते मैदानात मांडून ठेवलेलं असतं. माझ्याबरोबर सिराजोद्दीन होता. इथं कादराबादेत त्याचं जुन्या सामानाचं दुकान आहे, आणि तुझा पहिला गळ तू त्याच्याकडूनच घेतला होतास असं तो अजून सगळ्यांना सांगतो. त्या ढिगाऱ्यात त्याला ही काठी दिसली. तीन तुकड्यांची आहे, एकात एक बसते, मुठीला बूच लावलेलं आणि सांध्यांना पितळी कडी. मी उत्साहानं हात वर केला तर त्यानं तो खाली ओढला. म्हणाला, "साब, तुम हात नक्को उठाव. तुमारा मूँ देखको भाव चढता."

शेवटी त्यानंच ती कवडीमोलानं सोडवली. काठी आता त्याच्या दुकानात आहे. घरी आणायची माझी छाती नाही.

चांगली आहे की आमची फसगत झाली, ते तू सांग. मला यातलं काय कळतं? आमच्या घराण्यात मासा पाहिला तो दशावताराच्या चित्रात.

तू नैरोबीच्या रेल्वेत नोकरी धरलीस आणि पाच वर्षांच्या करारावर निघालास, हे बदनापूरच्या स्टेशनात कळलं. आगगाडीच्या लोकांत बातमी तारेच्या आधी पोचते. खरं आहे का? नको सांगूस. काठीचं तेवढं सांग.

तुझा,
भालचंद्र


जालना,
२७ इस्फंदार १३५५

चि. मुकुंदास आशीर्वाद.

कार्ड मिळालं. सहा वर्षांत तुझं पहिलं अक्षर आणि त्यात काय, तर "टोकाची कडी झिजली आहे का पाहावे. चरखी आहे काय?" ना नमस्कार ना चमत्कार. तरी ते कार्ड मी कचेरीत इतक्यांदा खिशातून काढलं की पेशकारानं विचारलं, लॉटरी लागली का म्हणून. वर तारीख पाहिली, जानेवारी! नगरला गेल्यापासून इंग्रजी मुलखाचं पाणी लागलं तुला. आम्ही आपले निजामाच्या राज्यात इस्फंदारातच आहोत. तुझी बहीण ताराही मला हसते, म्हणते, "पंचांग भिंतीवर टांगलंय की! तुम्ही घरातपण फसली तारखेनं जेवता."

कडी झिजलेली नाही. चरखी नव्हती, ती शोधायला लागलो आणि मला वेडच लागलं म्हणायचं. कचेरी सुटली की सरळ घरी येणारा माणूस मी. आता कादराबादेतले जुन्या सामानाचे सगळे ढीग पालथे घातले. परतूरला सरकी-कापसाच्या एका दाव्याचे कागद घेऊन गेलो तर तिथंही बाजारात चरखी विचारत फिरलो, आणि एका दुकानदारानं मला सूत कातायची चरखी दाखवून राष्ट्रकार्याबद्दल हळूच शाबासकी दिली. शेवटी एका साहेबाच्या खानसाम्याकडे मिळाली. साहेबानं जाताना त्याला बक्षीस दिली होती आणि तो तिच्यावर पतंगाचा मांजा गुंडाळत होता. पितळी आहे, फिरवली की टरटर वाजते. मी ती सिराजोद्दीनच्या ओट्यावर बसून उगाच फिरवत असतो.

हे सगळं मी कशासाठी करतोय, हे तू ओळखलंच असशील. तू मूर्ख कधीच नव्हतास. फक्त तापट होतास.

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण लिहितो. त्या दिवशी मी दौऱ्यावर होतो, मला सगळं नंतर ऐकायला मिळालं. तू मोती तलावातून जिवंत मरळ आणलास आणि तो मरू नये म्हणून समोर दिसलेल्या हंड्यात सोडलास. अरे, तो काकासाहेबांच्या सोवळ्याचा हंडा! माझे वडील पूजेचं पाणी घ्यायला वाकले आणि आतून मासा उसळून त्यांच्या अंगावर आला. सत्तरीचा माणूस, ओलेत्यानं, हातात तांब्या, आणि पायाशी तडफडणारा मासा. दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं तर आपण दोघं पोट धरून हसलो असतो. इथं मात्र ते तुला "भोयाच्या घरी जाऊन राह्य" म्हणाले, आणि तुझ्यापुढचं वाढलेलं ताट उचलायला लावलं. ते तारानं उचललं. तू म्हणालास, "या उंबऱ्याच्या आत पाण्याचा घोट घेणार न्हाई." तेव्हापासून भाऊबीज नाही, पत्र नाही. तू यायचा नाहीस, ती बोलवायची नाही. दोघं एकाच आईची, हे सिद्ध करायला आणखी पुरावा नको.

दोर कसला लागतो ते कळव. रेशमी की सुती?

तुझा,
भालचंद्र


जालना,
१४ फरवर्दी १३५५

चि. मुकुंदास आशीर्वाद.

तुझी तिन्ही कार्डं मिळाली. दोर रेशमी घेतला. गळ लहान-मोठे मिळून तंबाखूच्या डबाभर झाले आहेत. त्यात काही गळांना रंगीत पिसं लावलेली आहेत. सिराजोद्दीन म्हणतो, मासा त्याला माशी समजून गिळतो. मी म्हटलं, इतका भोळा प्राणी काकासाहेबांना का घाबरवेल? शिवाय घडीची दोन स्टुलं, कॅनव्हासची एक थैली (तिचा वास मात्र जात नाही, त्याच्या बेगम हसीनाभाभींनी ती दुकानाबाहेर टांगायला लावली आहे), आणि लांब दांड्याचं एक जाळं. विकणारा म्हणाला, हे फुलपाखरं धरायचं. तू पाहून ठरव. एक तंबूही स्वस्तात मिळत होता, पण त्याचे खांब दुसऱ्याच कुणी नेले होते. तरी मी घेत होतो. सिराजोद्दीननं हाताला धरून बाहेर काढलं. "साब, तंबू नक्को. तुमारा मछली पकडने का शौक नहीं, ये कुछ और बीमारी है," असं म्हणाला.

बीमारीच आहे. एका जागी बसवत नाही. कागदांच्या मिसली चुकीच्या कपाटात ठेवतो, जेवताना उठतो. तुझी बोट मार्चअखेरीला सुटणार असं तूच लिहिलंस. पाच वर्षं म्हणजे पाचच असतात असं थोडंच आहे? आफ्रिकेला गेलेले किती जण तिथलेच झाले. टपालवाला दारावरून पुढं गेला की तारा पाठ वळवते. मी हे सहा वर्षं पाहतो आहे. तुम्ही दोघं न भेटता तू समुद्र ओलांडलास, तर माझ्या घरात एक माणूस कायमचं पाठमोरं राहील. मला ते नको आहे. एवढंच माझं मागणं.

म्हणून ऐक. तू माझ्या घरी येऊ नकोस, शपथ मोडू नकोस. तारानं तुझ्या घरी यायचं तर काकासाहेब आडवे पडतील. पण शहागडला गोदावरी आहे, आपली गंगा, आणि गंगा कुणाच्या बापाची नाही. तुला नगरहून मोटार आहे, आम्हाला इथून. घाटाच्या खालच्या अंगाला डोह आहे, तिथं वाम आणि मरळ भरपूर असं सगळेच सांगतात. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला सकाळी ये. मी सामान घेऊन येतो. ताराला आणतो. तू गळ टाक, ती काठावर बसेल. कुणी कुणाची माफी मागायची नाही. मासे धरायला माणसं जमतात तसं जमू.

ताराला अजून सांगितलेलं नाही. आधी तुझा होकार येऊ दे.

उत्तर जल्दी दे.

भालचंद्र


जालना,
२६ फरवर्दी १३५५

मुकुंदा,

"येतो. सातला सकाळी घाटावर." एवढ्याच चार शब्दांनी माझी रजेची अर्जी लिहून झाली, मंजूरही झाली!

रात्री जेवणं झाल्यावर ताराला सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल, रडेल, काहीतरी होईल. ती भांडी विसळत होती, विसळतच राहिली. मग म्हणाली, "त्या थैलीचा वास तुमच्या सदऱ्याला महिनाभर येऊन राह्यला. मला काय नाक न्हाई?" म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "तो न्हाई म्हणाला असता तर? मंग मी काय तोंड दाखवलं असतं, माझं मलाच?"

काकासाहेबांना गंगास्नानाला जातो असं सांगितलं आहे. त्यांनी तांब्या दिला, भरून आणायला. मला शरम वाटली, पण घेतला.

तारा धपाटे करणार आहे. तुला तिळाचे लागतात हे ती मला सांगत होती, जसं काही मी परका आहे.

भेटूच.

भालचंद्र


जालना,
८ अर्दिबेहेश्त १३५५

मुकुंदा,

काल रात्री हे पत्र लिहायला बसलो असतो तर त्यात नुसत्या शिव्या असत्या. आज लिहितो म्हणून तू वाचलास, आणि मी शिव्यांना पात्र झालो.

काल सात तारीख. उजाडता उजाडता आम्ही डोहावर होतो. स्टुलं मांडली. काठी जोडली, चरखी बसवली, ती मी उलटी बसवली असावी कारण दोर सुटेना. तारा हिरवं लुगडं नेसली होती, तुझ्या आईचं. धपाट्यांचं फडकं मांडीवर घेऊन ती घाटाकडं तोंड करून बसली. नगरकडून एक मोटार आली, माणसं उतरली, तू नव्हतास. मी म्हटलं, पुढच्या गाडीनं येईल. दुसरीही आली. ऊन चढलं. मग माझी जीभ सुटली. काय काय बोललो तुला! मानी आहे, खुनशी आहे, माणसं काठावर बसवून मजा पाहतो. तारा म्हणाली, "पुरे करा." मी केलं नाही.

दुपार कलल्यावर कडूबा नावाचा एक भोई जाळं खांद्यावर टाकून आला. आमचं सामान पाहून थबकला. मी विचारलं, इथं मासे लागतात का रे? खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

तो म्हणाला, "लागत्यात की. पर तुमी बी निस्तेच बसून राह्यले जी. मागल्या बाजाराला असंच एक जण आल्ते. चष्मेवाले, नगरचे. सकाळधरनं दिवस बुडंस्तोर हितंच. म्या म्हणलं, मालक, गळ टाका की. तर म्हणले, सामान बहिणीकडून येऊन राह्यलंय. तिच्यासंगं टाकू."

"मग?" तारानं विचारलं.

"मंग काय. कुणी आलंच न्हाई. म्या भाकर दिली तर खाल्ली न्हाई. गेले."

मुकुंदा, मी तिथंच बोटं मोजायला लागलो. तुझा मार्च आणि माझा अर्दिबेहेश्त एकामागोमाग चालतात, पण बरोबर चालत नाहीत. तुझी सात आली तेव्हा माझी तीन होती. मी "पुढच्या महिन्याची सात" लिहिलं. कुठल्या महिन्याची, ते लिहिलं नाही. वीस वर्षं ज्या तारखेवर सही करतो ती सोडून जगात दुसरी तारीख असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या कार्डावरचा जानेवारी पाहून मी तुला चिडवलं होतं! आणि तूही इथंच जन्मलास, तुझ्या तरी लक्षात यावं ना! नाही, तुझं काही चुकलं नाही. हे मी उगाच लिहिलं.

तारानं धपाट्याचं फडकं कडूबाला दिलं. म्हणाली, "तुम्ही त्याला भाकर दिली, हे तुम्हाला." घरी काकासाहेबांनी गंगेच्या पाण्याचा तांब्या मागितला. तो भरायचाच राहिला होता.

ताबडतोब लिही. नाही तर मी येतो. तू सांगशील ती तारीख, तू सांगशील तो महिना.

भालचंद्र


जालना,
१६ अर्दिबेहेश्त, म्हणजे तुमची मार्चची २०

मुकुंदा,

माझं पत्र तिकडं जात होतं आणि तुझं कार्ड इकडं येत होतं. "ठरल्याप्रमाणे आलो. दिवसभर थांबलो. काय समजायचे ते समजलो. बोट २८ ला. यापुढे लिहू नये." त्यावर मी तार केली. उत्तर नाही. दुसरी केली. तुझ्याकडून ती परत आली नाही, म्हणजे मिळाली. पण तू उघडली असशील असं मला वाटत नाही. माझ्या नावाचं काहीही आता तू उघडणार नाहीस, आणि मी तुझ्या जागी असतो तर मीही उघडलं नसतं.

मग सिराजोद्दीनकडं गेलो. त्याला म्हटलं, सगळं सामान बांधून दे, काठी, चरखी, सगळं, मी स्वतः नगरला नेऊन त्याच्या दारात ठेवतो. गाठोडं घरी आणलं. उघड उघड आणलं, काकासाहेब ओसरीत बसलेले असताना. आता लपवायचं काय उरलं होतं? तारा बाहेर आली, तिनं गाठोड्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हे इथंच राहू द्या. मी जाते."

मी म्हटलं, आपण दोघं जाऊ, आणि हे बरोबर नेऊ, तो निदान दार तरी उघडेल. त्यावर ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो.

"माशाला आमिष लागतं. भावाला कशाला? तुम्ही आलात की पुन्हा काठी, दोर, तारखा सुरू होतील. ताट मी उचललं होतं, तुम्ही न्हाई. मलाच जावं लागंल."

ही बाई लग्न होऊन आल्यापासून एकटी बदनापूरलासुद्धा गेलेली नाही. आता मनमाडला गाडी बदलायची, दौंडच्या गाडीत बसायचं, नगरला उतरून तुझं घर शोधायचं. मी आडवं काही बोलणार तेवढ्यात ओसरीतून काकासाहेबांचा खाकरण्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं आता.

ते आत आले. ताराकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. देवघरात गेले, आणि कनवटीची किल्ली लावून त्यांनी पेटी उघडली. बाहेर येऊन एक कापडी पुरचुंडी तिच्यासमोर पाटावर ठेवली.

म्हणाले, "मनमाडच्या पुढं आपला निजामाचा हाली सिक्का चालत न्हाई. हे इंग्रजी कलदार रुपये हाईत. जपून ने."

एवढंच बोलले आणि परत ओसरीत जाऊन बसले. मुकुंदा, मी तुला खोटं सांगणार नाही. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, आणि घेतील असा भरवसाही मी देत नाही. पण आज सकाळी ती निघाली तेव्हा ते टांग्यापर्यंत आले होते. कोणता डबा बायकांचा, ते तिला दोनदा सांगितलं.

स्टेशनावर ती धीट होती. गाडी दिसली तशी तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मी दारात उभी राह्यले न् तोंडातनं शब्दच फुटला न्हाई, तर? त्यानं मला ओळख दिली न्हाई, तर?" मी तिला बायकांच्या डब्यात बसवलं आणि खिडकीशी उभा राहून हे पत्र पुरं करतो आहे. गार्ड शिट्टी फुंकायच्या बेतात आहे, अक्षर लावून घे.

हे टपालात टाकलेलं नाही. यावर तिकीट नाही, पाहा. जिनं ते तुझ्या हातात दिलं ती काही बोलली नसेल, तर तिला राग नाही, गर्व नाही. सहा वर्षं जी पाठ वळवून उभी होती ती एवढा मुलूख ओलांडून तुझ्याकडं तोंड करून आली आहे. माझ्यावरचा राग माझ्यासाठी ठेव, पाच वर्षांनी परत आलास की एकदमच काढ.

पुरे झालं वाचणं, मुकुंदा. बाजूला हो. तिला आत येऊ दे.